परासरण शिकवताना: आधी वर्गात कांदा, मग घरी बटाटा

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की भांड्याच्या तळाशी पाणी सुटतं. घरातल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. पण नववीच्या वर्गात विचारून बघा, हे पाणी आलं कुठून? बरीच मुलं सांगतात, "मिठाचं पाणी झालं." आणि त्याच मुलांच्या वहीत परासरणाची, म्हणजे पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे पडद्यातून पाणी जाण्याची, व्याख्या शब्दन् शब्द बरोबर लिहिलेली असते.

यात मुलांची चूक नाही. आपण प्रयोग उलट्या क्रमाने घेतो. आधी व्याख्या, मग फळ्यावर आकृती, मग व्हिडिओ आणि वेळ उरलाच तर सूक्ष्मदर्शक. तोवर काय दिसायला हवं ते मुलांना पाठ झालेलं असतं, आणि भिंगाखाली काहीही दिसलं तरी वहीत पुस्तकातली आकृतीच उतरते.

कोल्हापुरात आणखी एक अडचण आहे, पावसाची. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. त्या दिवसांत रस्ते बंद होतात, शाळांना सुट्टी लागते आणि नेमका याच सुमाराला पेशीचा भाग अर्धवट राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुराने हे सगळ्यांना शिकवलं आहे. म्हणून खाली प्रयोगाचे दोन भाग केले आहेत, वर्गातला आणि घरचा. घरच्या भागाचा कागद जूनअखेरीला मुलांच्या दप्तरात गेलेला असला पाहिजे. पाणी वाढल्यावर कागद वाटायला कुणी भेटत नाही.

हे टप्पे आठवी ते दहावीसाठी आहेत. थोडं गणित वाढवलं तर अकरावीलाही चालतील.

## आदल्या दिवशीची तयारी

कांदा लाल हवा, साल गडद जांभळी आणि गर घट्ट. कोंब आलेला, मऊ पडलेला किंवा फ्रीजरमध्ये राहिलेला कांदा घेऊ नका. गोठलेल्या पेशी फुटून मेलेल्या असतात आणि हा सगळा प्रयोग जिवंत पेशींचा आहे. मंडईतून चार कांदे आणा आणि आदल्या दिवशी प्रत्येकाची एक साल स्वतः भिंगाखाली घालून बघा. चारांपैकी एखाद्याचाच रंग भरगच्च निघतो. वर्गात तोच न्या.

चांगला कांदा मिळाला नाही तर रिओचं पान चालतं. वरून हिरवं, खालून जांभळं असं हे पान शाळेच्या कुंडीत बहुधा असतंच. साल खालच्या बाजूची काढायची. याच्या चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून नंतर हात धुवायला लावा.

मिठाचं पाणी ५ टक्क्यांचं करा: ५ ग्रॅम मीठ आणि एकूण १०० मिलिलिटर होईल एवढं पाणी. खडेमीठ असेल तर गाळून घ्या, नाहीतर काचपट्टीवर कचरा येतो आणि मुलं त्याचीच आकृती काढतात. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा. साध्या पाण्याच्या बाटलीवरही चिकटवा.

बाकी सामान नेहमीचं: काचपट्ट्या, कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच), चिमटा, सुई, ड्रॉपर, टिपकागद. टिपकागद नसेल तर टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून ठेवा. ब्लेड शिक्षकांच्याच हातात राहील.

सावधान: आयोडीन टेबलावर ठेवूच नका. पेशी बघण्याच्या प्रयोगात आपण कांद्याच्या सालीला आयोडीन लावतो, तीच सवय इथे घात करते. आयोडीनने पेशी मरते, तिचा पडदा निकामी होतो आणि मग मिठाच्या पाण्यात काहीच घडत नाही. "आमच्याकडे प्रयोग होतच नाही" असं जे शिक्षक सांगतात, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते.

## टप्पा १: आधी भाकीत, तेही पेनाने

तास सुरू होताच फळ्यावर काहीही लिहू नका. एका वाटीत काकडीच्या नुसत्या चकत्या ठेवा, दुसरीत मीठ लावलेल्या. मुलांना तीन मिनिटांत दोन ओळी लिहायला सांगा: तासाच्या शेवटी कुठल्या वाटीत काय दिसेल आणि का.

पेनाने लिहायला लावा. पेन्सिलने लिहिलेलं भाकीत उत्तर कळल्यावर गुपचूप खोडलं जातं आणि मग मुलाचा आधीचा विचार काय होता ते आपल्याला कधीच कळत नाही. चुकलेल्या भाकिताला गुण कापायचे नाहीत. ते पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा आणि वर्षभर पाळा.

## टप्पा २: साल काढणं

बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच बिघडतो, म्हणून हे सावकाश वाचा.

कांद्याचे चार भाग करा. वरचं वाळलेलं आवरण टाका आणि त्याखालची दुसरी किंवा तिसरी मांसल पाकळी घ्या. पाकळीला दोन बाजू असतात, आतली खोलगट आणि बाहेरची फुगीर. पेशींच्या नेहमीच्या प्रयोगात आपण आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढतो. तो रंगहीन असतो. आपल्याला हवी आहे बाहेरची, जांभळी बाजू. तिथे पेशीच्या रिक्तिकेतच, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीतच, रंग असतो, त्यामुळे वेगळा रंग लावावा लागत नाही आणि पेशी जिवंत राहते.

ब्लेडने फुगीर बाजूवर हरभऱ्याच्या डाळीएवढा चौकोन हलकेच आखा. एक कोपरा चिमट्याने धरून पाकळीला जवळजवळ समांतर ओढा. वरच्या दिशेने उचललं तर खालचा गर चिकटून येतो. निघालेला तुकडा उजेडासमोर धरा. त्यातून बोटाची कड स्पष्ट दिसली पाहिजे. पांढुरका आणि जाड दिसला तर टाकून द्या, दुसरा काढा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब आधीच टाकून ठेवा. साल हवेत अर्धा मिनिट राहिली तरी गुंडाळायला लागते.

कव्हरस्लिप वरून टाकू नका. एक कड पाण्याला टेकवा, दुसरी सुईवर पेला आणि सुई हळूहळू खाली न्या.

तपासा: जाड काळ्या कडेचे वाटोळे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे आहेत. दर वर्षी चार-पाच वह्यांत ते "पेशी" म्हणून येतात. काही पेशी रिकाम्या, बिनरंगाच्याही दिसतील. साल ओढताना फाटलेल्या त्या. मुलांना आधीच सांगा, रंगाने भरलेलीच पेशी निवडायची.

## टप्पा ३: साध्या पाण्यात बघणं आणि काढणं

आधी १० पटींचं वस्तुभिंग लावा. नेत्रभिंगही १० चं असेल तर एकूण १०० पट होतात आणि कांद्याच्या पेशीला तेवढं पुरतं. मोठं भिंग लगेच लावायची घाई केली की काचपट्टी फुटते. भिंग खाली आणताना डोळा बाजूला, काचपट्टीकडे. नेत्रभिंगातून बघत फक्त वर न्यायचं.

सावधान: आरसा खिडकीतल्या मोकळ्या उजेडाकडे वळवा, सूर्याकडे कधीही नाही. सूर्याचा किरण भिंगातून थेट डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

प्रत्येकाने शेजारशेजारच्या तीनच पेशी काढायच्या, दिसतात तशा. वीट रचल्यासारख्या लांबट पेशी, रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलेला. आकृतीखाली "साधं पाणी" आणि किती पट ते लिहायचं. पुस्तक या वेळी बाकाखाली.

## टप्पा ४: मिठाचं पाणी ओढून घेणं

काचपट्टी जागची हलवायची नाही. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टिपकागदाची पट्टी टेकवा. टिपकागद साधं पाणी पितो आणि त्याच्या जागी मिठाचं पाणी आत येतं. असे दोन-तीन थेंब द्या. हे चालू असताना एका मुलाचा डोळा नेत्रभिंगाला लागलेलाच हवा. कव्हरस्लिप उचलून मीठ घातलं तर आधी बघितलेल्या पेशी परत सापडत नाहीत आणि तुलनाच हातातून जाते.

मिनिट-दोन मिनिटांत सुरू होतं. गेल्या वर्षी बघणारी मुलगी पहिल्या बाकावरची होती, एरवी तासभर गप्प. ती एकदम ओरडली, "बाई, रंग सरकला! कोपरे मोकळे झाले!" जांभळा रंग आधी पेशीच्या कोपऱ्यांपासून सुटतो, मग कडांपासून, आणि आक्रसत मध्ये गोळा होतो. गोळा होताना गडद होतो, कारण रंग तेवढाच राहतो आणि पाणी कमी होतं. बाहेरची चौकट, म्हणजे पेशीभित्तिका, होती तशीच राहते. यालाच रससंकोच म्हणतात, पण हा शब्द अजून उच्चारू नका.

त्याऐवजी हा प्रश्न विचारा: भित्तिका आणि जांभळा गोळा यांच्यामधली जी जागा रिकामी दिसते, तिच्यात काय आहे?

"हवा", "काही नाही" अशी उत्तरं येतील. तिथे मिठाचं पाणी आहे. पेशीभित्तिका मीठ अडवत नाही, अडवतो तो तिच्या आतला पडदा. हा एक प्रश्न नीट सुटला की भित्तिका आणि पेशीपटल यांतला फरक मुलं पुन्हा विसरत नाहीत. मी यावर दहा मिनिटं घालवते आणि ती कधीच वाया गेलेली नाहीत.

## टप्पा ५: पेशी परत फुगवणं

हा टप्पा जवळजवळ सगळे सोडतात. त्याच पद्धतीने आता साधं पाणी ओढून घ्या, रंग आक्रसल्यापासून पाचेक मिनिटांच्या आत. रंग पसरत पुन्हा भित्तिकेला जाऊन टेकतो. पेशी आत्ताही जिवंत आहे याचा हा पुरावा. फार वेळ मिठात राहिलेली पेशी परत येत नाही.

शेजारी दुसरी काचपट्टी ठेवा. तिच्यावर उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली साल घ्या. पडदाच निकामी झाल्यामुळे रंग पेशीतून पाण्यात निघून गेलेला असतो. तिला मिठाचं पाणी द्या, साधं द्या, काही होत नाही. आता मुलांना विचारा, दोन्ही सालींत फरक कशाचा? "पडदा" हा शब्द त्यांच्याच तोंडून आला पाहिजे. आला की मग फळ्यावर परासरण, रससंकोच, अर्धपारगम्य पडदा, सगळं लिहा.

पन्नास-पंचावन्न मुलं आणि दोनच सूक्ष्मदर्शक असतील तर: रांग लावू नका. रांगेतलं मूल दहा सेकंद बघून "दिसलं" म्हणून पुढे जातं. वर्गाचे चार गट करा. दोन गट सूक्ष्मदर्शकांवर, एक काकडीच्या वाट्यांतलं पाणी मोजायला, एक साल काढण्याच्या सरावाला. दर बारा मिनिटांनी बदल. नेत्रभिंगाला मोबाइल टेकवून तीन फोटो घ्या: पाण्यात, मिठात, परत पाण्यात. तीनही फोटोंत पेशी त्याच हव्यात.

हे फोटो गैरहजर मुलांना पाठवताना क्रम बदलून पाठवा आणि प्रत्येकाने कारणासह क्रम लावायचा. पहिला आणि तिसरा फोटो जवळपास सारखाच दिसतो, तिथे मुलं अडखळतात. या दोघांत फरक सांगता येतो का, हे विचारलं की खरी चर्चा सुरू होते.

## टप्पा ६: घरचा प्रयोग, बटाट्याचा

वर्गातला भाग झाल्यावरच हा द्या. अर्ध्या पानाच्या कागदावर खालचं छापा. फोनवर पाठवलेली सूचना वर सरकून हरवते, कागद भिंतीला लावता येतो.

१. एकच बटाटा घ्या. घरातल्या मोठ्यांकडून साल काढून तीन काप करून घ्या, प्रत्येक ५ सेंटिमीटर लांब, बोटाहून बारीक, जाडी सारखी. सालाचा तुकडा राहता कामा नये, सालीतून पाणी सहज आत-बाहेर होत नाही. उरलेला बटाटा भाजीला जाऊ द्या.

२. तीन ग्लासांत अर्धा अर्धा ग्लास पाणी. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात सपाट पाव चमचा मीठ, तिसऱ्यात सपाट एक चमचा. चहाचा चमचा, तिन्हींना तोच. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.

३. नाव लिहिलेली चिठ्ठी ग्लासाला चिकटवा. एका मुलाने चिठ्ठ्या ग्लासांखाली ठेवल्या होत्या. बहिणीने ओटा पुसताना ग्लास हलवले आणि मिठातला काप "वाढला". बिचारा दोन दिवस स्वतःलाच चुकीचा समजत होता.

४. काप ग्लासात टाकण्याआधी मिलिमीटरमध्ये मोजा, वाकवून बघा, लिहा. भाकीतही लिहा.

५. तीन तासांनी काढा, फडक्याने हलके टिपा, पुन्हा मोजा, पुन्हा वाकवा. रात्रभरापेक्षा जास्त ठेवू नका, बटाटा खराब होतो.

साध्या पाण्यातला काप ताठ होतो, एक-दोन मिलिमीटर वाढतो. एक चमच्याच्या मिठातला लिबलिबीत होतो, मोडायला गेलं तर नुसता वाकतो आणि आखूड होतो. मधल्याचा फरक थोडा असतो, कधी दिसतही नाही, आणि त्यावरच बोलण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

घरात काकवी असेल तर चौथी वाटी काकवीची करा. आपल्याकडे गुऱ्हाळं आहेत, निम्म्या घरांत ती सापडते. काप तिच्यात पाणी सोडून आक्रसतो. मीठ हेच कारण नाही, बाहेरचं द्रावण किती घट्ट आहे ते महत्त्वाचं, हे मुलांना त्यावरून कळतं. मनुक्याचा प्रयोग बरेच जण देतात. तो सोपा आहे, पण सुरकुतलेल्या मनुक्याची लांबी नीट मोजता येत नाही, म्हणून मी तो फक्त जोडीला ठेवते.

सावधान: पुराच्या दिवसांत नळाला पाणी नसेल तर हा प्रयोग थांबवा. पिण्याचं पाणी प्रयोगात घालवायचं नाही. हे वाक्य कागदावर ठळक छापा. मुलं बाईंनी दिलंय म्हणून करायला जातात.

## टप्पा ७: नोंदी मागवणं

पहिल्या वेळी मी सकाळी अकराला थेट व्हिडिओवर हा प्रयोग घेतला. पंचावन्नपैकी नऊ मुलं आली. बाकीच्यांच्या घरचा एकुलता फोन वडिलांबरोबर शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत होता आणि तो रात्री आठनंतरच घरी येणार होता. तेव्हापासून नियम असा: थेट तास नाही, एक मिनिटाचा आवाजी निरोप, आणि उत्तराला दोन पूर्ण रात्री. फोन नसेल तर नोंद वहीत, शाळा उघडल्यावर आणायची. गुण तेवढेच.

फोटो एकच मागवा. पांढऱ्या ताटलीत तिन्ही काप, शेजारी पट्टी, हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. मोबाइल बरोबर वरून धरायचा. तिरक्या फोटोत लांबी चुकीची दिसते. मुलांचे चेहरे, घर, पत्ता काहीही फोटोत नको, हे पालकांनाही सांगा.

तपासा: सगळ्यांचे आकडे अगदी सारखे आले, किंवा नोंदीत फक्त शेवटची लांबी आहे आणि सुरुवातीची नाही, तर नोंद परत पाठवा. रागावू नका. कुणाकडून उतरवली ते विचारू नका, "तुझा काप कुठल्या ग्लासात जास्त वाकला?" एवढंच विचारा.

## टप्पा ८: आकडे एकत्र करणं

मिलिमीटरची थेट तुलना करू नका, सुरुवातीची लांबी सगळ्यांची सारखी नसते. टक्केवारी काढा: शेवटच्या लांबीतून सुरुवातीची वजा करा, सुरुवातीच्या लांबीने भागा, १०० ने गुणा. ५० चे ५२ झाले तर +४ टक्के. ५० चे ४६ झाले तर −८ टक्के. वजाचं चिन्ह विसरणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.

फळ्यावर मध्ये शून्याची आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक मुलाला आपला ठिपका स्वतः लावू द्या. एका घरी एक मिलिमीटर म्हणजे पट्टी वाचण्यातली चूकही असू शकते. चाळीस ठिपके मात्र साध्या पाण्याला रेघेच्या वर आणि जास्त मिठाला खाली गोळा होतात. रेघ जिथे ओलांडली जाईल त्याच्या आसपास बाहेरचं पाणी आणि बटाट्याची पेशी यांचा समतोल आहे, म्हणजे समपरासारी द्रावण. वेगळा पडलेला ठिपका पुसायचा नाही. त्या मुलाला कारण शोधू द्या.

यानंतर पुस्तकातला क्यूआर कोड, दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ, जे दाखवायचं ते दाखवा. मग पहिल्या दिवसाचं भाकीत उघडायला सांगा आणि त्याखाली वेगळ्या रंगाने दुरुस्ती लिहून घ्या.

चाचणीला व्याख्या विचारू नका. हा प्रश्न द्या: उसाच्या कोवळ्या रोपाच्या बुडाशी युरियाची मूठ पडली, जमीन ओली आहे, तरी दोन दिवसांत रोप सुकलं. का? शेतकऱ्यांच्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. उत्तरात मुळाबाहेरचं द्रावण घट्ट झालं, मुळाच्या पेशींतून पाणी पडद्यातून बाहेर गेलं, आणि भरपूर पाणी घातलं तर वेळेत असल्यास रोप वाचू शकेल, असं तिन्ही आलं तर पूर्ण गुण. नुसतं "परासरणामुळे" लिहिलं असेल तर गुण न देता वही परत द्या, शेजारी लिहा: "पाणी कुठून कुठे गेलं?" आणि त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कांद्याची काचपट्टी पुन्हा दाखवा.